तांबकड्याचा तिसरा खांब

"खळदकर, शुक्रवारी आमची सहल तांबकड्याला जाणार आहे. साडेदहाला. तुम्ही यायचंय."

कालिंदी उबाळे बाईंचं फोनवरचं बोलणं नेहमी असंच असे. त्या विनंती करत आहेत की हजेरी घेत आहेत, ते समजत नसे. वाईतल्या अंध मुलामुलींच्या शाळेत त्या चौथीला परिसर अभ्यास शिकवत. त्या स्वतः जन्मांध होत्या. तुषार खळदकरची नऊ वर्षांची मुलगी जुई त्यांच्याच वर्गात होती.

"तांबकडा?" तुषार दचकला. "बाई, तो चढ मोठ्या माणसांनाही जड जातो. शिवाय वर रोपवेचं काम चालू आहे."

"चढतोय कोण? आम्ही भूविहारच्या खोलीतून जाणार आहोत. ठिकाणांची यादी ऐकत होते, त्यात तांबकडा आला. सर्वेक्षकाचं नाव आलं तुषार खळदकर. मी जुईला विचारलं, तर तिला पत्ताच नाही. म्हणाली, माझे बाबा डोंगर मोजतात एवढंच मला माहीत आहे."

"येतो," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

दोन हजार एकेचाळीस साली भूविहारची खोली नाही अशी शाळा शोधावी लागत होती. खोली साधी वर्गाएवढीच. पण तिची जमीन हजारो बारीक खिळ्यांची असे. ते खिळे खालीवर होऊन पायाखाली पायरी, घसरण, दगडगोटे, जे हवं ते उभं करत. भिंती म्हणजे पडदे. वाऱ्यासाठी झोत, आवाजासाठी छतात आणि भिंतींत लपवलेले कर्णे. नांदेडच्या शाळेतली मुलं सकाळी अंदमानच्या किनाऱ्यावर फिरून दुपारी डबा खायला आपल्या वर्गात परत येत. ही सगळी ठिकाणं तयार करायची ती तुषारसारख्या लोकांनी. लेसरने, ड्रोनने, जमिनीच्या पोटात डोकावणाऱ्या यंत्रांनी ते एकेका डोंगराची नोंद घेत आणि त्याचा नकाशा बनवत. नकाशा म्हणण्यापेक्षा जुळा डोंगरच म्हणायला हवा.

तांबकडा ही तुषारची सगळ्यात चांगली कामगिरी. सात महिने तो त्या कड्यावर होता. लालसर दगडाचा तो उभा कातळ, त्यात कोरलेली आठ लेणी, पायथ्याला हिवरदरी गाव. तिथल्या कातळावरचं शेवाळंसुद्धा त्याने सुटू दिलं नव्हतं. राज्यभरातली मुलं त्याच्या तांबकड्यावर चढत होती. स्वतःच्या मुलीला मात्र त्याने त्यातलं काही सांगितलं नव्हतं. जे तिला दिसणार नाही त्याचं वर्णन करून तिला उगाच का दुखवा, असं त्याला वाटे. हा आपला समजूतदारपणा आहे अशी त्याची खात्री होती.

शुक्रवारी तो शाळेत पोचला तेव्हा चौथीची अकरा मुलं हातात पांढऱ्या काठ्या घेऊन दाराशी रांगेत उभी होती. त्या भूविहारच्या काठ्या होत्या. नकाशातल्या दगडाला टेकली की काठीच्या आतली मोटर हाताला अडवी आणि दगडाचा आवाज कर्ण्यातून नेमका त्या जागेवरून येई.

तुषार आत गेला आणि थबकला. खोलीत काळोख होता.

"पडदे चालत नाहीत का, बाई?"

"चालतात की. आम्ही लावत नाही. कशाला वीज जाळायची?" बाई म्हणाल्या. "आवाज मात्र पूर्ण मोठा असतो. आणि तपशीलवार ध्वनी म्हणून एक सोय आहे, ती चालू करायची. ती कुठे दडवून ठेवली आहे तुमच्या लोकांनी! मला सापडायला तीन आठवडे लागले."

तुषारला ती सोय ठाऊक होती. भोकं पाडणाऱ्या अभियंत्यांसाठी कधीतरी केलेली. ती कोणी वापरत असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"बाबा, माझ्या मागे ये," जुई म्हणाली. "डावीकडे दरी आहे. घाबरू नकोस, मी आहे."

पायवाट सुरू झाली. पायाखाली मुरूम सरकू लागला. वारा एका गालावर लागत होता, म्हणजे कडा दुसऱ्या बाजूला. अंधारात अकरा काठ्यांचा आवाज पुढे चालला होता आणि सात महिने त्या वाटेवर घालवलेला तुषार दोनदा अडखळला. दोन्ही वेळा जुईने त्याचा दंड धरला. मुलं मधेच थांबत, दगड वाजवून बघत. "हा घट्ट." "हा जाळीचा." "इथे वर तांबडी माती आहे, बद्द वाजतंय." बाईंनी त्यांना वर्षभरात दगड ओळखायला शिकवलं होतं, जसे दुसऱ्या वर्गात पाढे घोकून घेतात तसे.

लेण्यांच्या अलीकडे शंभरेक मीटरवर कड्याचा एक सपाट टप्पा लागतो. तिथे कोरीवकाम काही नाही, नुसताच कातळ. मुलं विसाव्याला बसली, पण हात स्वस्थ नव्हते. थोड्या वेळाने दौलत नावाचा मुलगा म्हणाला, "बाई, इथे पोकळ आहे."

"कुठे?"

"मी बसलोय तिथे. खाली."

जुई उठून त्याच्याकडे गेली. टक, टक, टक. "हो बाई. खाली काही नाहीये."

तुषार हसला. "अगं, तो जाळीचा दगड आहे. लाव्हा थंड होताना त्यात हवेचे बुडबुडे राहतात. त्यामुळे तो जरा हलका वाजतो."

"जाळीचा दगड आम्ही मघाशीच वाजवला, बाबा. तो असा नाही वाजत."

"जुई, तो टप्पा मी स्वतः बघितलाय. सात महिने होतो मी तिथे. खाली काही पोकळ बिकळ नाही. तुझा गैरसमज होतोय."

त्याचा आवाज चढला नव्हता. पण मुलांच्या काठ्यांची टकटक थांबली. जुईने काठी जवळ घेतली आणि खाली बसली.

"खळदकर," अंधारातून बाईंचा आवाज आला, "तुम्ही बघितलाय तो. वाजवलाय का?"

घरी परतताना गाडीत जुई खिडकीकडे तोंड करून बसली होती. कृष्णेचा पूल मागे पडला.

"रागावलीस?"

"तू सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंस."

"खोटं नाही म्हटलं मी. चूक म्हटलं."

"तुला माहीत आहे, का तुला वाटतंय?" जुईने विचारलं. "बाई म्हणतात, बोलायच्या आधी हे सांगायचं."

तुषार उत्तर द्यायला गेला आणि थांबला. कारण त्याला एक गोष्ट आठवली. तो टप्पा त्याने शेवटच्या आठवड्यात मोजला होता. गुरुत्वाच्या नोंदी घेऊन झाल्या, तेव्हा संगणकाने पडद्यावर प्रश्न टाकला होता: या भागातला दगड किंचित हलका आहे, कोणता धरू? त्याने यादीतलं "जाळीदार" निवडलं होतं आणि पुढे गेला होता. कच्च्या नोंदी उघडून पाहिल्या नव्हत्या.

त्या टप्प्यावर आता रोपवेचा तिसरा खांब उभा राहायचा होता. त्याच्याच अहवालावर. दहा दिवसांनी, सोमवारी, पाया खोदायला सुरुवात होणार होती.

शनिवारी सकाळी त्याने ऑफिसात जाऊन कच्च्या नोंदी काढल्या. त्या घेण्याचं यंत्र म्हणजे कंबरेएवढ्या उंचीची एक निर्वात नळी होती. तिच्यात थंड केलेल्या अणूंचा एक इवलासा ढग सोडायचा आणि तो किती वेगाने खाली पडतो ते मोजायचं. खाली दगड भरगच्च असेल तर पृथ्वीची ओढ किंचित जास्त, अणू किंचित लवकर पडतात. खाली पोकळी असेल तर किंचित सावकाश. फरक असतो अब्जावा भाग, पण यंत्राला तो समजतो. अडचण एवढीच, की वाऱ्याने, पायाच्या धक्क्याने, लांबून गेलेल्या ट्रकनेसुद्धा नोंद हलते. म्हणून संगणक आजूबाजूच्या नोंदींची सरासरी काढून चित्र गुळगुळीत करतो. गुळगुळीत चित्रात तुषारला जाळीदार दगडाचा फिकट डाग दिसला होता. आता कच्च्या नोंदींचं चित्र पाहिलं, तर पडद्यावर नुसती खसखस सांडल्यासारखे ठिपके. त्यातून काहीच निघेना.

मग मुलांना कशावरून समजलं?

भूविहारच्या आवाजाचा आराखडा त्याने उघडला तेव्हा कोडं सुटलं. ध्वनीचा भाग लिहिणाऱ्या कुणा तंत्रज्ञाने गुळगुळीत चित्र न घेता थेट कच्च्या नोंदींनाच हात घातला होता. आळस केला असेल, नाहीतर घाई असेल. त्यामुळे दर वेळी काठी टेकली की जवळची एक वेगळी नोंद उचलली जाई आणि तिचा आवाज होई. एका टकटकीवरून काही समजत नाही. पण दौलतने आणि जुईने ती जागा पंधरा-वीस वेळा वाजवली होती. डोळ्याला जे ठिपके वाटत होते त्यातून कानाने गोळाबेरीज करून सूर काढला होता. त्यात चमत्कार नव्हता. वर्षभराची तालीम होती.

किंवा तोही भास असेल. एकाने पोकळ म्हटल्यावर दुसऱ्याला पोकळच ऐकू येतं. तुषारने शास्त्राची पदवी घेतली होती. त्याला स्वतःच्या मुलीवर नुसता विश्वास ठेवून चालणार नव्हतं.

सोमवारी तो बाईंना भेटला. "मला मुलांची परीक्षा घ्यायची आहे. रागावणार नाही ना?"

"नीट घेणार असाल तर नाही रागावणार. कशी घ्याल?"

त्याने सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अजून एक करा. मुलांना एकेकटं आत सोडा. बाकीची माझ्याबरोबर अंगणात थांबतील. गाणी म्हणत, मोठ्याने."

तसंच झालं. तुषारने वाट काढून टाकली. मूल थेट टप्प्यावर उभं राहणार होतं. शिवाय कुणालाही न सांगता त्याने सगळा टप्पा नव्वद अंशांनी फिरवला आणि सहा मीटर सरकवला. शुक्रवारची जागा कुणाच्या लक्षात असती, तरी आता तिचा काही उपयोग नव्हता. काम एकच होतं. वाजवत फिरायचं आणि जिथे आवाज बदलेल तिथे काठीचं बटण दाबून खूण टाकायची.

पहिली मुलगी आत गेली, वीस मिनिटांनी बाहेर आली. दुसरा गेला. जुईचा नंबर सातवा होता. जीभ ओठांच्या कडेला काढून ती कामाला लागली. गणित करताना ती अशीच करायची. तुषार काचेमागे बसून होता. पडद्यावर खुणा दिसायची सोय होती, ती त्याने बंद ठेवली होती. अकरावं मूल बाहेर पडेपर्यंत बघायचं नाही, असं ठरवलं होतं.

दुपारी अडीच वाजता त्याने खुणा उघडल्या.

दोनशेच्या वर खुणा होत्या. काही इकडेतिकडे भरकटलेल्या. पण बाकीच्या सगळ्या चार रेषांवर बसल्या होत्या. चारही रेषा सरळ. नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद. त्याने फिरवलेल्या नकाशाबरोबर तो आयतही नव्वद अंश फिरला होता, सहा मीटर सरकला होता.

तुषार खुर्चीत मागे टेकला. लाव्हा काहीही करू शकतो. बुडबुडे, भेगा, गुहा. काटकोन करू शकत नाही.

"काय निघालं?" बाई दारात उभ्या होत्या.

"बाई, ती पोकळी माणसाने खोदलेली आहे."

बाईंनी एक सुस्कारा टाकला. मग वळून अंगणाकडे ओरडल्या, "चौथी! पास झालात रे सगळे!"

त्या आरड्याओरड्यात तुषारने जुईला गाठलं. तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "तू बरोबर होतीस. मला माहीत नव्हतं. मला नुसतं वाटत होतं."

जुईने थोडा विचार केला. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण हे दौलतला पण सांग. पहिल्यांदा त्याने ऐकलं होतं."

त्याने दौलतलाही सांगितलं.

ऑफिसात मात्र गोष्ट इतकी सोपी नव्हती. नाडकर्णी सर हे तुषारचे वरिष्ठ. भला माणूस, पण कंपनीचं नाव म्हटलं की जिवाला लागायचं. त्यांनी आयताचं चित्र दोनदा पाहिलं.

"आणि हे यंत्राने दाखवलं?"

"यंत्रात होतं. दाखवलं मुलांनी."

"तुषार, मी रोपवेच्या लोकांना काय लिहू? चौथीच्या पोरांनी काठ्या आपटल्या, म्हणून काम थांबवा?"

"तसंच लिहा, सर. पद्धत जोडलीय, नोंदी जोडल्यात. कुणीही परत करून बघावं."

"अहवालावर सही तुझीच आहे."

"म्हणूनच मागे घेतोय ती."

नाडकर्णी उठून खिडकीपाशी गेले. "सही मागे घेतलीस तर उद्या प्रत्येक जण विचारेल, बाकीचे डोंगर तरी नीट मोजलेत का. आणि खोदल्यावर खाली काही निघालं नाही, तर? तुला पुन्हा कुणी डोंगरावर पाठवणार नाही. मीसुद्धा."

"खाली काही निघालं नाही तर ते योग्यच होईल," तुषार म्हणाला. "पण निघालं आणि खांब वर उभा असला, तर? ट्रॉलीत माणसं बसणार आहेत, सर."

त्याच संध्याकाळी त्याने रोपवेच्या लोकांना पत्र पाठवलं. बायकोला, अर्पिताला, त्याने सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "दहा वर्षं कामाबद्दल घरात एक अक्षर बोलला नाहीस. आज बोलतोयस ते नोकरी जायच्या वेळी?" मग तिने हात धुतले आणि त्याच्या समोर बसली. "आता पहिल्यापासून सांग. जुईलाही बोलाव. डोंगर कसा मोजतात ते आम्हाला दोघींना ऐकायचंय."

रोपवेचं काम बघणाऱ्या अभियंता फरजाना मुलाणी यांनी पत्र वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला.

"खळदकर, सही मागे घेतलेल्या अहवालावर मी खांब उभा करू शकत नाही. नवा अहवाल यायला दोन महिने लागतील. तेवढा वेळ माझ्याकडे नाही."

"मग?"

"एक भोक पाडून बघते. यंत्र वरच आहे. शनिवारी सकाळी या. तुमच्या त्या तज्ज्ञांपैकी कुणाला आणायचं असेल तर आणा, हेल्मेटची सोय करते."

शनिवारी पहाटे फटफटल्यावर तुषार आणि जुई हिवरदरीतून चढायला लागले. चौथीला ओळखीची असलेली ती वाट खरी निघाल्यावर वेगळी होती. करवंदीचे काटे होते, माकडं होती, पायात खरा मुरूम होता. जुई दर वळणावर सांगत होती, "आता दगडाच्या तीन पायऱ्या." आणि पायऱ्या येत होत्या. अडीच तासांत ते टप्प्यावर पोचले. घामाघूम झालेली जुई पहिल्यांदा खाली वाकली आणि आपल्या काठीने कातळ वाजवला.

टक. टक. टक.

ती चार पावलं सरकली. पुन्हा वाजवला. मग आणखी चार पावलं. तुषार बघत होता. तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "इथे काहीच समजत नाही. सगळीकडे सारखंच वाजतंय."

तुषार तिच्याजवळ वाकला. "बरोबर आहे. वर जाड कातळ आहे, खऱ्या काठीचा आवाज इतक्या खोल जात नाही. नकाशातला आवाज गुरुत्वाच्या नोंदींवरून केलेला असतो. तू तिथे काठीने नाही, पृथ्वीच्या ओढीने वाजवत होतीस."

"हे तुला माहीत आहे, का..."

"हे माहीत आहे." तो थांबला. "खाली पोकळी आहे, असं वाटतंय. खूप वाटतंय. पण माहीत नाही अजून."

मुलाणी बाईंनी हात वर केला आणि यंत्र सुरू झालं. हिऱ्याची टोकं लावलेली पोलादी नळी कातळात शिरू लागली. पाणी, राखाडी चिखल, कानठळ्या. यंत्रावरचा मिस्त्री दर अर्ध्या मीटरला खोली ओरडून सांगत होता. अर्धा मीटर. एक. दगड एकदम टणक. दीड. नळीतून निघालेला दगडाचा गोल गाभा त्यांनी लाकडी पेटीत मांडला. काळाभोर, अखंड, एक चीर नाही. दोन मीटर. मिस्त्री मुलाणी बाईंकडे बघून हसला. "मॅडम, असला दगड पायाला शोधून मिळत नाही."

अडीच. तुषारने जुईचा हात धरला होता.

"मुलांच्या खुणा किती खोलीच्या होत्या?" मुलाणींनी विचारलं.

"खोली नाही सांगता येत त्यातून. फक्त जागा."

"तीन मीटरपर्यंत जाते. पुढे नाही."

दोन मीटर सत्तर. दोन ऐंशी.

यंत्राचा आवाज एकाएकी वर गेला, घासणं थांबून नुसतं भिरभिरणं झालं, आणि नळी सरकन खाली घसरली. मिस्त्रीने शिवी हासडली आणि खटका दाबला. यंत्र बंद पडलं. भोकात ओतलेलं पाणी गुडगुडत खाली गेलं आणि कितीतरी वेळाने, खोलवरून, पाण्यावर पाणी पडल्याचा आवाज आला.

"बाबा! खाली पाणी आहे!" जुई ओरडली.

मिस्त्रीने डोक्यावरचं हेल्मेट काढून खाली ठेवलं.

नळी वर ओढून भोकातून दोरीला बांधलेला कॅमेरा सोडला. छोट्या पडद्याभोवती सगळे दाटीने वाकले. उजेड फिरला. छिन्नीच्या तिरक्या घावांनी भरलेली सरळ भिंत. दुसरी भिंत. मधोमध कातळातच कोरून ठेवलेले चार चौकोनी खांब. आणि त्यांच्या पायथ्याशी काळंभोर, हलतं पाणी. दोन हजार वर्षांपूर्वी लेणी खोदणाऱ्यांनी पाण्यासाठी केलेलं टाकं. त्याचं तोंड कड्याच्या बाजूला होतं आणि कधीतरी दरड पडून बुजून गेलं होतं.

"नऊ बाय सहा," मुलाणी पडद्यावरची मोजपट्टी पाहून म्हणाल्या. "तुमच्या मुलांनी दहा सेंटिमीटरसुद्धा इकडेतिकडे केलं नाही." त्यांनी त्या चार खांबांकडे बोट दाखवलं. "आणि याच्या डोक्यावर मी सोमवारी साठ टनांचा पाया भरणार होते."

"काय दिसतंय?" जुई विचारत होती. "बाबा, सांग ना, काय दिसतंय?"

तुषारने तिला भोकापाशी बसवलं, तिचा तळवा त्यावर धरला. खालून गार, ओलसर हवा वर येत होती. आणि त्याने सांगायला सुरुवात केली. भिंतींबद्दल, घावांबद्दल, खांबांच्या कडा किती धारदार आहेत त्याबद्दल, पाण्यावर उजेड पडला की छताला कशी जाळी हलते त्याबद्दल. आजूबाजूचे मजूर कॅमेरा सोडून त्याचं बोलणं ऐकत उभे राहिले.

बातमी दुपारपर्यंत सगळीकडे गेली. संध्याकाळी नाडकर्णींचा फोन आला. ते म्हणाले, "सोमवारी ये. सगळ्या डोंगरांच्या कच्च्या नोंदी पुन्हा ऐकायच्या आहेत. आणि तुझ्या त्या बाई आमच्या लोकांना शिकवायला येतील का, विचार."

उबाळे बाईंनी दोन अटी घातल्या. तपशीलवार ध्वनी ही सोय कुठेही न दडवता प्रत्येक नकाशात आपोआप चालू असली पाहिजे. आणि शिकवायला त्या एकट्या येणार नाहीत, चौथीचा वर्ग येईल. दोन्ही मान्य झाल्या. त्या वर्षी या अकरा मुलांनी इंजिनिअरांच्या चार तुकड्यांना अंधारात डोंगर चढवले. बरेच इंजिनिअर अडखळले. दिवाळीनंतर पुरातत्त्व खात्याने टाक्याचं तोंड मोकळं केलं आणि नोंदवहीत शोध लावणाऱ्यांच्या रकान्यात अकरा नावं एकाखाली एक लिहिली. रकाना पुरला नाही, म्हणून शेजारच्या पानावर गेली. पहिलं नाव दौलतचं होतं. जुईनेच तसं सांगितलं होतं.

खांब चाळीस मीटर पूर्वेला सरकला. तिथला कातळ मुलांनी आधी ऐकला, मग यंत्राने तपासला.

त्यानंतर, माघातल्या एका स्वच्छ सकाळी, रोपवे सुरू झाला. पहिल्या ट्रॉलीत कोण बसणार यावरून पाहुण्यांमध्ये थोडी कुजबुज चालली होती, तोवर मुलाणी बाईंनी पाचवीत गेलेली अकराही मुलं आत बसवून दार लावून टाकलं. बरोबर उबाळे बाई आणि तुषार. खालून हिवरदरीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, हलगी कडाडली आणि ट्रॉली जमिनीपासून सुटली.

तुषारला आता सवय लागली होती. तो थांबतच नव्हता. "जुई, खाली गाव लहान झालंय. कौलं तांबडी दिसतायत, एका घरावर निळी टाकी. आता झाडांचे शेंडे. पळस फुलायला लागलाय, मधेच केशरी ठिपके. समोर कडा, त्यावर सकाळचं ऊन आडवं पडलंय, त्यामुळे प्रत्येक लेण्याच्या दारात काळी सावली आहे. वर एक घार..."

ट्रॉली दुसऱ्या खांबावरून खडखडत गेली. वारा बदलला. मुलं एकदम गप्प झाली होती. अकराही जणांनी माना किंचित कलत्या केल्या होत्या. उबाळे बाईंनी हातातली काठी मांडीवर आडवी ठेवली होती आणि त्यांचा चेहरा उन्हाकडे होता.

"घार आता आपल्यापेक्षा खाली गेली. आणि दरीच्या पलीकडे..."

"बाबा," जुईने त्याच्या हातावर हात ठेवला, "जरा गप्प बस ना. मला बघू दे."